क्युबात स्कूबा शिकायला जाताय? निघण्याआधी हे वाचा

प्लाया लार्गाच्या किनाऱ्यावर माझ्या पहिल्या डायव्हच्या आधी टाकीच्या तोंडाशी बारीक फुसफुस येत होती. इन्स्ट्रक्टरने टाकी बंद केली, रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारं उपकरण) सोडवला आणि पिशवीतून गोळ्यांची जुनी डबी काढली. आत चार ओ-रिंग होत्या. करंगळीच्या टोकाएवढी रबराची बांगडी, बस. त्याने एकेक रिंग उजेडात धरून बोटांनी ताणून पाहिली, दोन बाजूला ठेवल्या, तिसरी बसवली. फुसफुस थांबली. उरलेली डबी त्याने इतक्या जपून बंद केली की तेवढ्यात मला क्युबावरची व्यापारबंदी कळली. आपल्याकडे ही रिंग चिल्लर वस्तू आहे. तिथे ती बहुतेकदा कुणा परदेशी पाहुण्याच्या बॅगेतून येते.

मी पुण्याहून गेले, सोळा दिवस राहिले, तिथेच डायव्हिंगचा पाया घातला. जाण्याआधी तीन महिने मात्र नुसता गोंधळ होता. पैसे कसे न्यायचे, डायव्हिंग शिकल्याचं कार्ड कुठलं मिळणार, ते भारतात चालेल का, उपकरणांवर भरवसा ठेवायचा का, सगळंच अंधारात. क्युबातले इन्स्ट्रक्टर मनापासून शिकवतात आणि समुद्र अप्रतिम आहे. कमतरता आहे ती वस्तूंची. ती भरून काढायची तयारी आपण घरूनच केली, तर तिथे शिकणं फार सुंदर होतं. ती तयारी कशी करायची, ते क्रमाने सांगते.

१. व्यापारबंदी कुणावर आहे, ते आधी पाहा

अमेरिकेची क्युबावरची पूर्ण व्यापारबंदी ७ फेब्रुवारी १९६२ पासून लागू आहे. क्युबातले लोक तिला 'एल ब्लोकेओ', म्हणजे नाकेबंदी, म्हणतात. भारतीय पासपोर्टवर भारतातून जाणाऱ्याला ती अडवत नाही. भारत दरवर्षी संयुक्त राष्ट्रांत या बंदीच्या विरोधात मत देतो.

पण आपली बरीच माणसं परदेशात आहेत, म्हणून तीन गोष्टी. अमेरिकन नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि अमेरिकेत राहणारे या सगळ्यांना अमेरिकी नियम लागतात, आणि त्यात निव्वळ पर्यटनासाठी क्युबाला जायला परवानगी नाही. प्रवासाचे बारा मान्य प्रकार आहेत, 'सुट्टीत डायव्हिंग' त्यांत बसत नाही. न्यू जर्सीच्या भावाला घेऊन जाण्याचा बेत असेल, तर त्याने आधी वकिलाला विचारावं. दुसरं, ब्रिटिश किंवा युरोपीय पासपोर्ट असेल आणि १२ जानेवारी २०२१ नंतर क्युबाला जाऊन आला असाल, तर अमेरिकेसाठीची सोपी ऑनलाइन ईएसटीए परवानगी मिळत नाही, रीतसर व्हिसाच काढावा लागतो. तिसरं, प्रवास अमेरिकेतल्या विमानतळावरून करू नका. अमेरिकेत पाऊल ठेवलं की तिथले नियम तुम्हालाही लागतात.

डायव्हिंगवर याचा परिणाम थेट होतो. ज्या वस्तूत १० टक्क्यांहून जास्त अमेरिकन भाग आहे, ती दुसऱ्या देशातूनही क्युबाला पाठवायला अमेरिकेचा परवाना लागतो. १९९२ च्या कायद्यानुसार क्युबाच्या बंदरात माल उतरवलेलं जहाज पुढचे १८० दिवस अमेरिकेच्या बंदरात माल चढवू-उतरवू शकत नाही. त्यामुळे कॉम्प्रेसरचा फिल्टर असो की रेग्युलेटरचं सर्व्हिस किट, ते दूरवरून, उशिरा आणि महाग येतं.

२. जागा आणि महिना

क्युबात डायव्हिंगच्या जागा पुष्कळ. पश्चिम टोकाला मारिया ला गोर्दा, दक्षिणेला इस्ला दे ला हुवेंतुद बेट, उत्तरेला वराडेरो. हार्दिनेस दे ला रेना, म्हणजे 'राणीच्या बागा', ही सगळ्यात नावाजलेली. पण तिथे आठवडाभर बोटीवर राहावं लागतं, खर्च अफाट आहे आणि ती जागा शिकाऊंसाठी नाही. कार्ड हातात आल्यावर, पाच-पन्नास डायव्ह झाल्यावर तिचा विचार करा.

नवख्यांना मी प्लाया लार्गा आणि प्लाया हिरोन सुचवते. ही दोन्ही गावं बाहिया दे कोचिनोसवर आहेत. एप्रिल १९६१ मध्ये अमेरिकेच्या पाठबळावर क्युबन निर्वासितांनी जिथे हल्ला केला होता, तोच हा 'बे ऑफ पिग्ज'. इथे डायव्ह किनाऱ्यावरूनच करतात. खडकावरून पाण्यात उतरायचं, थोडं पोहत गेलं की प्रवाळ सुरू होतं आणि पुढे तळ एकदम कड्यासारखा खाली जातो. बोट लागत नाही, आणि क्युबात ही मोठी गोष्ट आहे. इंधनाची टंचाई सुरू झाली की आधी बोटी थांबतात. किनाऱ्यावरच्या डायव्हला जुनी बस नाही तर टाक्या वाहायला एक ट्रक पुरतो.

नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ चांगला. चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. हिवाळ्यात थंड वारे उत्तर किनारा ढवळून काढतात, हा उपसागर मात्र दक्षिणेकडे असल्याने बराचसा शांत राहतो. वसंत ऋतूत जंगलातून लाखो लाल खेकडे समुद्राकडे निघतात आणि गावांमधला रस्ता त्यांनी भरून जातो. त्यांच्या कवचांनी गाड्यांची टायर पंक्चर होतात. तेव्हा गेलात तर सकाळच्या बसला उशीर होणार, हे धरून चाला.

३. कार्ड कुठलं मिळेल?

मालवणला किंवा तारकर्लीला अर्ध्या तासाचा डायव्ह केलेले बरेच जण 'आम्ही डायव्हिंग केलंय' म्हणून तिथे जातात. तो अनुभव छान असतो, पण ते प्रशिक्षण नव्हे. त्यात इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून फिरवतो, कार्ड मिळत नाही. क्युबात गेल्यावर तुम्ही शून्यापासूनच सुरू करणार.

आपल्याकडे डायव्हिंगची कार्डं देणाऱ्या पाडी या संस्थेचं नाव सगळ्यांना माहीत. ती अमेरिकन संस्था. क्युबात तिच्याऐवजी बहुतेक ठिकाणी सीएमएएस किंवा एसीयूसी या संस्थांचे कोर्स चालतात. सीएमएएस हा १९५९ साली स्थापन झालेला जागतिक महासंघ, आणि त्याचे पहिले अध्यक्ष जाक कूस्तो. म्हणजे कार्ड कमअस्सल मिळेल, ही भीती मनातून काढून टाका.

विचारायचा खरा प्रश्न एकच: 'हा कोर्स आयएसओ २४८०१-२ या दर्जाचा आहे का?' हा 'स्वायत्त डायव्हर'चा आंतरराष्ट्रीय दर्जा आहे. म्हणजे जोडीदाराबरोबर, इन्स्ट्रक्टरशिवाय, ठरलेल्या खोलीपर्यंत तुम्ही डायव्ह करू शकता. २४८०१-१ म्हणजे फक्त देखरेखीखालचा डायव्हर. दोन्हींत फरक मोठा आहे आणि पैसे देण्याआधी तो स्पष्ट करून घ्या. २४८०१-२ दर्जाचं कार्ड असेल, तर पुढचा ॲडव्हान्स्ड कोर्स भारतात दुसऱ्या संस्थेकडे करता येतो.

एक सापळा: प्लास्टिकचं कार्ड यायला महिने लागू शकतात. निघायच्या आधी तात्पुरतं प्रमाणपत्र कागदावर घ्या. त्यावर इन्स्ट्रक्टरचा क्रमांक, सही आणि केंद्राचा शिक्का हवा. लॉगबुकातल्या प्रत्येक डायव्हवरही त्याची सही घ्या.

४. कागदपत्रं

• पासपोर्ट आणि क्युबाचा व्हिसा. जुन्या कागदी टूरिस्ट कार्डाची जागा आता ई-व्हिसाने घेतली आहे. शंका असेल तर दिल्लीतल्या क्युबन दूतावासाला विचारा.
• 'दे'विआहेरोस' हा ऑनलाइन प्रवेशफॉर्म. प्रवासाच्या आधीच्या आठवड्यात भरायचा आणि त्याच्या क्यूआर कोडची छापील प्रत जवळ ठेवायची.
• प्रवास आरोग्यविमा. २०१० पासून तो सक्तीचा आहे.
• डायव्हिंगसाठी तंदुरुस्त असल्याचं डॉक्टरांचं पत्र, इंग्रजीत. दमा, कानाची शस्त्रक्रिया, फिट्स, हृदयविकार यांतलं काही असेल तर लपवू नका.
• जिथून विमान बदलणार, त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, याची तिकीट काढण्याआधी खात्री.

विम्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण माझी पहिली पॉलिसी निरुपयोगी निघाली. मी 'साहसी खेळ' हा भाग पाहिला होता, त्यात तीस मीटरपर्यंतचं डायव्हिंग होतं. शेवटच्या पानावर निर्बंधांचं एक कलम होतं, ते मी वाचलंच नव्हतं. ज्या देशावर कुणाचे आर्थिक निर्बंध आहेत, तिथला दावा कंपनी नाकारू शकते, असा त्याचा अर्थ. पॉलिसी घेण्याआधी ईमेलने दोन प्रश्न विचारा: क्युबातला वैद्यकीय खर्च मिळेल का, आणि डायव्हिंगच्या अपघातात रिकंप्रेशन चेंबरचा, म्हणजे दाबाखाली उपचार करायच्या खोलीचा, खर्च मिळेल का. लेखी 'होय' आलं तरच पैसे भरा.

५. पैसे

लोक सगळ्यात जास्त इथेच अडकतात. अमेरिकन बँकेचं कार्ड क्युबात चालत नाही. अमेरिकेशी संबंध असलेल्या इतर देशांतल्या बँकांची कार्डंही अडतात. आपलं भारतीय कार्ड चालेल, हे गृहीत धरू नका. मी दोन कार्डं नेली होती, हवानातल्या एटीएममध्ये एकही चाललं नाही.

म्हणून रोख युरो न्या. भारतातून एका प्रवासासाठी परकीय चलनाच्या नोटा ३,००० डॉलरच्या किमतीपर्यंत नेता येतात, त्यामुळे बेत त्या मर्यादेत बसवा. नोटा कोऱ्या हव्यात. फाटलेली, पेनने आकडा लिहिलेली किंवा शिक्का मारलेली नोट तिथे कुणी घेत नाही, त्यामुळे मनी चेंजरच्या काउंटरवरच एकेक तपासा. पाच, दहा, वीसच्या लहान नोटा भरपूर घ्या.

सीयूसी नावाचं जुनं चलन १ जानेवारी २०२१ पासून बंद झालं. रस्त्यावर कुणी त्या नोटा द्यायला लागलं, तर नम्रपणे नकार द्या. आता क्युबन पेसो चालतो. सरकारी दर आणि बाहेरचा दर यांत मोठी तफावत आहे, म्हणून ज्या घरात राहाल तिथल्या मालकाकडून दोन्ही समजून घ्या आणि एका वेळी थोडेच बदला.

उलटंही घडतं. काही सरकारी ठिकाणी रोख घेतच नाहीत, कार्डच मागतात. तेव्हा 'पैसे कुणाला, कशात आणि कुठे द्यायचे' हा प्रश्न डायव्ह सेंटरला आधी विचारा. माझी घरमालकीण माझ्याकडून युरो घेऊन सेंटरचे पैसे भरून टाकायची, तेच सोपं पडलं.

भारतातून आगाऊ पैसे पाठवायचा खटाटोप करू नका. मी एका ऑनलाइन सेवेतून स्पेनमधल्या मध्यस्थाला रक्कम पाठवली आणि तपशिलात 'क्युबा डायव्हिंग' लिहिलं. रक्कम गोठली, सोडवायला पाच आठवडे आणि अकरा ईमेल लागले. आगाऊ रक्कम मागणारं ठिकाण सोडून द्या, जाग्यावर जाऊन पैसे देता येतात.

६. बॅगेत काय हवं

स्वतःचा मास्क आणि स्नॉर्कल न्याच. भाड्याचा मास्क गळका असला की पहिले दोन दिवस नाकात पाणी जाण्याच्या भीतीत जातात. शक्य असेल तर खोली आणि वेळ दाखवणारा डायव्ह कॉम्प्युटर न्या, साधा चालेल. त्याच्या बटणसेलची जोडी वेगळी घ्या, तिथे मिळेल या भरवशावर राहू नका. पाणी हिवाळ्यात साधारण २४-२५ अंश असतं, म्हणून ३ मिलिमीटरचा वेटसूट पुरतो.

मग छोट्या गोष्टी:
• टाकीच्या तोंडाच्या ओ-रिंग, वीसेक
• सिलिकॉन ग्रीसची छोटी डबी
• मास्क आणि फिन्सचे जादा पट्टे
• रेग्युलेटरचा तोंडात धरायचा रबरी भाग, दोन नग, आणि केबल टाय
• डासांचं मलम. प्लाया लार्गा दलदलीच्या कडेला आहे, संध्याकाळी डास फोडून काढतात
• चपट्या दोन पिनांचा प्लग ॲडॅप्टर. वीज बऱ्याच ठिकाणी ११० व्होल्टची असते, चार्जर तपासून न्या
• पॉवर बँक आणि टॉर्च. ऑक्टोबर २०२४ मध्ये अख्ख्या देशाची वीज गेली होती, भारनियमन तर रोजचंच

स्वतःचा रेग्युलेटर नेणार असाल तर तिथल्या टाक्यांना बहुतेक योक (वरून कवेत घेऊन आवळायच्या) पद्धतीचं तोंड असतं. तुमचा डिन, म्हणजे आट्यांनी फिरवून बसवायचा, असेल तर ॲडॅप्टर लागेल.

ड्रोन नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. सॅटेलाइट फोनचंही तेच. कोर्सचं साहित्य, नकाशे, स्पॅनिश शब्दकोश भारतातच फोनवर उतरवून घ्या, कारण बऱ्याच अमेरिकन सेवा क्युबातून उघडतच नाहीत. ऑनलाइन धडे 'तिथे गेल्यावर वाचू' म्हणून ठेवले तर पडदा कोराच राहील.

७. इन्स्ट्रक्टरशी पहिली भेट

पैसे देण्याआधी अर्धा तास बसून बोला. कोर्स किती दिवसांचा? चारपेक्षा कमी सांगितले तर घाई आहे. एका इन्स्ट्रक्टरमागे किती विद्यार्थी? मी दोघांवर अडून बसले. पहिले धडे शांत, उथळ पाण्यात होणार का? मास्क पाण्याने भरून रिकामा करणं, तोंडातून सुटलेला रेग्युलेटर शोधणं, जोडीदाराच्या जादा रेग्युलेटरवर श्वास घेणं, हे सगळं छातीभर पाण्यात पक्कं झाल्याशिवाय खोल जायचं नाही. भाषेचाही प्रश्न आहे. इंग्रजी तोडकंमोडकं असेल तर काही शब्द पाठ करा: 'आयरे' म्हणजे हवा, 'प्लोमो' म्हणजे शिसं, अर्थात वजनं, 'कोर्रिएंते' म्हणजे प्रवाह, 'ओईदो' म्हणजे कान. 'नो पुएदो', मला जमत नाही, हे निःसंकोच म्हणा.

माझा इन्स्ट्रक्टर पन्नाशीचा होता. प्रत्येक कौशल्य तो आधी वाळूत गुडघ्यांवर बसून करून दाखवायचा, मग पाण्यात. कान मोकळे होईनात तर अर्धा मीटर वर नेऊन थांबायचा, कितीही वेळ. इतकी सबुरी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

८. प्रत्येक डायव्हआधी स्वतः तपासणी

हा भाग वगळू नका. शिक्षक कितीही चांगला असला, तरी उपकरणं दुरुस्त करून करून वापरलेली असतात. मी तपासते म्हटल्यावर तिथे कुणालाही राग आला नाही, उलट इन्स्ट्रक्टर शेजारी बसून समजावत असे.

आधी हवा. टाकी थोडी उघडून हवा पांढऱ्या रुमालावर सोडा. तेलाचा डाग दिसला किंवा धुराचा, जळकट वास आला, तर ती टाकी परत. कार्बन मोनॉक्साइडला मात्र वासच नसतो, म्हणून कॉम्प्रेसर कुठे आहे ते एकदा डोळ्यांनी पाहा. वीज गेली की जनरेटर सुरू करतात, आणि त्याचा धूर कॉम्प्रेसर जिथून हवा ओढतो तिथेच जात असेल, तर तो धूर टाकीत भरला जातो. हवा ओढणारी नळी जनरेटरपासून दूर, वारा जिकडून येतो त्या बाजूला, उंचावर आहे ना? पाण्याखाली डोकं दुखू लागलं, मळमळलं, गरगरलं, तर हळूहळू वर या आणि त्या दिवशी परत उतरू नका.

मग ओ-रिंग. चपटी झालेली, चिरलेली नको. रेग्युलेटर जोडण्याआधी, टाकी नसताना, टाकीकडच्या टोकावरचं झाकण घट्ट लावून त्यातून हवा ओढून पाहा: हवा आली तर कुठेतरी गळती आहे. जोडून टाकी पूर्ण उघडली की दाब दाखवणारा काटा २०० बारच्या आसपास हवा. आता काट्याकडे बघत चार मोठे श्वास घ्या. काटा हलत असेल तर झडप पूर्ण उघडलेली नाही. नळ्या टोकाशी वाकवून चिरा पाहा. बीसीडी, म्हणजे हवा भरून तरंगायचं जॅकेट, फुगवून पाच मिनिटं ठेवा, मऊ पडलं तर बदलून मागा.

वजनं जास्त लावण्याची सवय सगळीकडेच आहे. टाकी रिकामी होत आलेली असताना, बीसीडीतली हवा सोडून, नेहमीसारखा श्वास धरून पाणी डोळ्यांच्या पातळीला राहिलं, तर वजन बरोबर.

पाण्यात गेल्यावरचे आकडे हवाना असो की मालवण, साधारण तेच: शिकाऊला १८ मीटर, वर येताना मिनिटाला जास्तीत जास्त ९ मीटर, ५ मीटरवर ३ मिनिटं थांबा, ५० बार शिल्लक ठेवून बाहेर. जवळच कुएवा दे लोस पेसेस नावाचं, सत्तरेक मीटर खोल, पाण्याने भरलेलं विवर आहे. तिथे पृष्ठभागावर पोहा, मासे पाहा. त्याच्या कपारींत शिरणं हे वेगळं, गुहांचं शिक्षण घेतलेल्यांचं काम. कुणी हौसेने नेतो म्हणालं तरी जाऊ नका.

९. काही झालंच तर

सांधे दुखणं, मुंग्या येणं, अनाठायी थकवा ही डीकंप्रेशनच्या आजाराची, म्हणजे वर येताना अंगात वायूचे बुडबुडे झाल्याची, लक्षणं असू शकतात. रिकंप्रेशन चेंबर वराडेरोजवळ कार्देनासला आहे. पहिल्याच दिवशी तीन गोष्टी विचारून वहीत लिहा: चेंबर सध्या सुरू आहे का, सेंटरवर ऑक्सिजनची टाकी भरलेली आहे का, आणि रात्री-बेरात्री इंधन असलेली गाडी कुणाकडे आहे. तिसरा प्रश्न ऐकायला विचित्र वाटेल, पण टंचाईच्या दिवसांत तोच सगळ्यात महत्त्वाचा ठरतो. ऑक्सिजन नसेल तर कोर्स दुसरीकडे करा.

१०. परतताना

शेवटच्या डायव्हनंतर विमानाआधी किमान १८ तास जाऊ द्या. मी पूर्ण दिवस ठेवला आणि हिरोनचं संग्रहालय पाहिलं.

बाजारात काळ्या प्रवाळाचे दागिने दिसतील. घेऊ नका. त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे आणि भारतात ते वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. आपल्या विमानतळावर सापडलं तर प्रकरण गंभीर होतं.

आणि उरलेल्या ओ-रिंग, ग्रीस, पट्टे, जमलं तर मास्कसुद्धा इन्स्ट्रक्टरला देऊन या. टिप वेगळी, रोख, थेट त्याच्या हातात. मी शेवटच्या सकाळी त्याला पंधरा रिंगांची पुडी दिली. त्याने ती लगेच उघडली, एकेक मोजली, त्याच गोळ्यांच्या डबीत भरली, आणि दोन काढून शेजारच्या सेंटरवरच्या मुलाला हाक मारून दिल्या.